शेवटचा परिच्छेद राहिला

अक्का, तुझ्यासाठी कुणी हेल काढून रडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस. आपल्या बुधवारा पेठेतल्या बायका आल्या, भिंतीला टेकून बसल्या, पदरानं डोळे टिपले, "भगवान की मर्जी" म्हणाल्या आणि उठून गेल्या. शेजारच्या काकूंनी कडू घास पाठवला. मी तो खाल्ला. पिठलं खारट होतं, आणि खारट झालंय हे सांगायला मान वळवली तर चुलीपाशी कुणी नव्हतं. जसोंडीहून, तुझ्या सासरहून, कुणीच आलं नाही. निरोप घेऊन गेलेला माणूस परत येऊन म्हणाला, "बोलले का येतो." ते अजून येताहेत.

पुरुषानं असं रडायची रीत नाही. मी तापीवर गेलो, आलो, आंघोळ केली आणि कोपऱ्यात बसलो. लोक एकमेकांना म्हणाले, मास्तर धीराचे आहेत. धीर कसला, अक्का! बाईमाणूस असतो तर गळा काढला असता, तुझं नाव घेऊन, तुझा एकेक गुण सांगत. ते जमत नाही म्हणून लिहायला बसलोय. कागद तोच, आपल्या शिकवणीचा, नेपानगरच्या कागद गिरणीतला टाकाऊ पट्ट्यांचा. शाई पसरते म्हणून पेन्सिल घेतली आहे. अक्षर बिघडलंय, पण ते तू असतानाही काही फार चांगलं नव्हतं.

आपली शिकवणी माझ्या चिडण्यातून सुरू झाली, आठवतं? राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या. राजधानी नागपूर होती ती भोपाळ झाली. बऱ्हाणपूर जिथं होतं तिथंच राहिलं, तापी आहे तिथूनच वाहत राहिली, आणि माझ्या शाळेतला मराठीचा वर्ग तेवढा बंद झाला. मला हिंदीचे तास मिळाले. शिकवायला काही वाटत नव्हतं. हिंदी काय, या गावात रांगणारं मूलही बोलतं. पण घरी आलो की टोपी खुंटीला न अडकवता फेकायचो. तू जसोंडीहून पांढऱ्या कपाळानं माझ्या या दोन खोल्यांत राहायला येऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. चार-पाच दिवस तू माझी टोपी उचलून खुंटीला लावलीस. मग एकदा ती हातात धरून म्हणालीस, "काहून चिडतो रे भाऊ? शाळंनं त्याईचा वर्ग बंद केला. आपल्या घराले तं कोनी कुलूप नाही लावलं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर ओसरीत गोणपाट अंथरलेलं आणि त्यावर गल्लीतली मराठी घरांतली पोरं बसलेली. कुणाच्या घरी जाऊन काय बोललीस कोण जाणे. "तू शिकव, मी नुसती पोरं बसवते," असं आधी म्हणालीस. तुझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही एका पावसाळ्यात मधेच सुटलेलं. मी म्हटलं, बरं. पंधरा दिवसांत मी बाजूला आणि तू मधे. रविवारी कागद तपासण्यापुरता मी उरलो. शिरकाव कसा करावा हे कुणी तुझ्याकडून शिकावं.

आणि मग ते पुस्तक. शाळेचं कपाट रिकामं केलं तेव्हा मराठी पुस्तकांचा ढीग पडवीत आला, त्यातून मी ते उचलून आणलं. मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत, कुणी लिहिलं, नाव काय, काही कळायला मार्ग नाही. आत सगळी साहित्यातली परिभाषा. अलंकार, रस, वृत्तं, काव्याचे प्रकार. पानांच्या एका अंगानं वाळवी लागलेली. शब्द जाड टायपात डावीकडे होते ते राहिले, उजवीकडची स्पष्टीकरणं गेली. तू पान उन्हाकडे धरून आरपार पाहिलंस आणि म्हणालीस, "वाळवीनं बी निवडून खाल्लंय रे. शब्द ठेवले, अर्थ खाल्ले."

मला मास्तर असून त्यातलं अर्धं येत नव्हतं. ट्रेनिंगला घोकलेलं सगळं विसरलो होतो. मी म्हणायचो, पोरांना पत्र लिहिता आलं, अर्ज लिहिता आला, निबंध लिहिता आला की झालं. ही भानगड कशाला? तू ऐकलं नाहीस. "शब्द हाये म्हनजे कुठी तरी त्याची वस्तू असलीच पाहिजे," म्हणायचीस. "नाव ठेवलं आन् लेकरूच नाही, असं असते का?" मग आपण तिघं-चौघं पोरं घेऊन, संध्याकाळची दिवाबत्ती व्हायच्या आत, एकेका शब्दाचं लेकरू शोधत बसायचो.

अन्योक्तीचा दिवस मला लख्ख आठवतो. वाळवीनं एवढंच ठेवलं होतं : 'एकास उद्देशून, परंतु दुसऱ्यास'. मी पेन्सिल चावत बसलो. तू तांदूळ निवडत होतीस. सूप खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "ही तं माझी सासू!" पोरं खिदळली. "हसता काय? लेकी बोले सुने लागे. मायी सासू नणंदेले म्हनायची, काय वं, इतकं तेल घालते का कोनी भाजीत? आन् तेल घातलेलं असायचं म्या. आता पुढच्या भाजीत तेल कोन कमी घालीन?" "तुम्ही!" पोरं ओरडली. "मंग झाली का नाही अन्योक्ती? लिवा." त्या आठवड्यात बुधवाऱ्यातल्या निम्म्या सासवांच्या अन्योक्त्या माझ्याकडे तपासायला आल्या. काही तर इतक्या खऱ्या होत्या की ते कागद पोरांच्या घरी कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून मी चुलीत घातले.

मी तेव्हाही वाद घातला. हाच शब्द हिंदीतही आहे, म्हटलं. पोरं शाळेत हिंदीतून शिकतीलच की, आपण का जीव काढायचा? तू म्हणालीस, "शब्द तोच असंल. पण तिथं ही सासू कोन सांगंल?" मी चहा मागितला.

सगळंच बरोबर आलं असंही नाही. विभाव आणि अनुभाव आपण महिनाभर उलटे शिकवले. बाजारात बैल उधळला तो अनुभाव आणि भाजीवाली किंचाळली तो विभाव, असं तू रंगवून सांगितलंस आणि मी मान डोलावली. खंडव्याहून पाहुणे आलेल्या एका शास्त्रीबुवांनी सहज ऐकलं आणि कपाळाला हात लावला. भाव जागा करणारा तो विभाव, म्हणजे बैल. आणि तो भाव अंगावर दिसतो तो अनुभाव, म्हणजे किंचाळी. तू पोरांना दुसऱ्या दिवशी सरळ सांगितलंस, "लोक बैलाले घाबरले का बैल लोकाईले, ते आपण चुकलो." बास. मी शाळेत अशी चूक झाली असती तर तीन दिवस सारवासारव करत बसलो असतो.

या पोरांत शकू होती. पेढीवरच्या मुनिमांची मुलगी, तेरा-चौदा वर्षांची, मान खाली घालून बसणारी. आदल्या वर्षी तिची आई गेली होती. बोलताना निम्मी हिंदी, पण कागदावर उतरली की तिच्या मराठीला हात लावायची सोय नसे. तू तिच्याकडे पाहून मला म्हणायचीस, "ही लिवंल." मी म्हणायचो, सगळीच लिहितात. "तसं नाही रे. ही पुढं बी लिवंल. आपण नसलो तरी." जळगावच्या बाजूला मराठीची परीक्षा होते, तिला शकूला बसवायचं, पास झाली की तिनं इथंच, याच गोणपाटावर, पुढच्या पोरांना शिकवायचं, असं सगळं तू मनाशी मांडून ठेवलं होतंस. तुला मूल नव्हतं, मला लग्न नव्हतं. आपल्या दोघांचं मिळून जे काही मागं राहणार होतं ते ती पोर होती.

आणि तिच्याच कागदावरून आपला तो वाद झाला, जो संपला नाही.

त्या दिवशी पुस्तकात शब्द निघाला विलापिका. मी ऐकला होता, तू ऐकला नव्हतास. गेलेल्या माणसावरचं शोककाव्य, मी सांगितलं. पानावर वाळवीनं शेवटची ओळ तेवढी सोडली होती : 'शेवटी सांत्वन असते.' कविता काही या पोरांना जमायची नाही, म्हणून तू म्हणालीस, गेलेल्या कुणावर तरी गद्यातच लिहा. कुणी आजोबांवर लिहिलं, कुणी मेलेल्या म्हशीवर. शकूनं आईवर लिहिलं. तीनच ओळी मला पाठ आहेत. "आईचा पाट अजून चुलीजवळच आहे. त्याच्यावर आता मांजर बसते. मी मांजराला हाकलत नाही." इथंच संपवलं होतं.

रविवारी मी तो कागद तपासला. चांगलं लिहिलंस, म्हटलं, पण अपुरं आहे. शेवटी सांत्वन पाहिजे. परीक्षेत गुण जातील. आणि मी तिला सांगून एक वाक्य लिहायला लावलं : "काळ हे सर्व दुःखांवरचे औषध आहे." ती लिहायला लागली तोच तू आतून आलीस आणि तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतलीस.

"मांजरावर संपलंय ते. मांजरावरच संपू दे."

"पुस्तकात आहे, अक्का. शेवटी सांत्वन असते."

"पुस्तकाचं अर्धं पान वाळवीच्या पोटात हाये. तिथं काय लिवलं होतं तुले काय माहीत?"

"मग तू सांग काय लिहिलं होतं."

"मले बी माहीत नाही. पण हे औषध नव्हतं लिवलेलं, हे सांगते." आणि पोरीकडे वळून, "खोड ते."

पोर बिचारी माझ्याकडे पाहत राहिली. मी मास्तर, तू अक्का. तिनं अर्धं वाक्य खोडलं आणि अर्धं तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तू मेथी निवडत बसलीस आणि कुणी विचारलं नसताना सांगायला लागलीस. पोरं समोर होती, मी दारात सायकलची साखळी बसवत होतो.

"मायी रात्र गेली विचार करता करता. हे सांत्वन असते, पोरीहो. पुस्तक खोटं नाही. पण ते रडनारीनं करायचं नसते. आमच्या जसोंडीत मयत झाली का घरची बाई हेल काढून रडते. गेला त्याचा एकेक गुण सांगते. आन् तिले आपलं आपण थांबता येत नाही, तशी रीतच नाही. थांबली तं लोक म्हनतीन, हिले दुःखच नव्हतं. दुसरीनं उठायचं, तिच्या तोंडावर हात ठेवायचा आन् म्हनायचं, बस माय, पुरे आता. मंगच थांबायचं."

एका पोरानं विचारलं, "आन् कोनी उठलंच नाही तं?"

तू मेथीची काडी मोडलीस. "मायावेळी नाही उठलं. सासूनं उठायचं असते. ती तोंड फिरवून बसली. तिचा पोरगा मायामुळं गेला असं तिच्या मनात. आन् मोठीच नाही उठली तं बाकीच्या कशा उठतीन? मी रडत राहिली. त्याचे गुण सांगितले. ते तं संपले, मानूस साधाच होता. मंग बैलाईचे सांगितले. मंग केळीच्या बागेचे. मंग विहिरीचे बी सांगितले, पानी कसं गोड हाये. आवाज बसला तरी मी आपली सांगतच होती. दुपार कलल्यावर सोनाआत्या बागेतून आली, शेजारची. तिले कोनाचं भेव नव्हतं. हात बी धुतले नव्हते तिनं, केळीचा चीक लागलेला. तसाच हात मायी तोंडावर ठेवला. पुरे वं, म्हने. त्या चिकाचा डाग पडला पदरावर, तो काही गेला नाही." मग मेथीची जुडी झटकलीस. "तं सांत्वन ते असं असते. दुसऱ्याच्या हातचं. शकूनं मांजर लिवलं, तिचं काम झालं. आता वाचनाऱ्यानं उठावं."

अक्का, मी त्या अंगणात होतो. बायकांच्या पलीकडे, पुरुषांत, गोठ्याच्या कडेला. तू बैलांवर आलीस तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. मला वाटलं दुःखानं तुझं डोकं फिरलं. विहिरीच्या गोड पाण्याचं ऐकलं तेव्हा तर मी मनात ठरवून टाकलं की हिला आता वेड लागणार, हिला घरी न्यायला हवं. आणि नेलं. तू एका हाताची वाट पाहत होतीस हे मला इतक्या उशिरानं, सायकलच्या साखळीचे हात काळे करून बसलो असताना, मेथीबरोबर कळलं. आणि मी बोललो काय? "परीक्षक भोपाळचा असो की जळगावचा, तो काही जसोंडीला येणार नाही. गुण जातील ते जातीलच."

तू हसलीस. "नको येऊ दे. त्याले कोनं बोलावलं?"

तिथून पुढं तो वाद दर आठवड्याला उठायचा. सांत्वन लिहिणाऱ्याचं की वाचणाऱ्याचं? तू दुपारी पोरांना एक सांगायचीस, मी रविवारी दुसरं. पोरं हुशार, तुला दाखवायचा कागद मांजरावर संपायचा आणि मला दाखवायचा औषधावर. माझं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे तू मेल्यावरही मी म्हणणार. पोरीला परीक्षा पास व्हायची होती. बिनसांत्वनाचं लिहून ती नापास झाली असती तर तुझ्या सोनाआत्यानं येऊन तिला पास केलं असतं का? हे मी तुला विचारलंही होतं. तू म्हणालीस, "तू जेवून घे."

पोरं एकेक करून गळत गेली. कुणी भांडून गेलं नाही. एकाच्या वडिलांनी हात जोडून सांगितलं, "मास्तरजी, शाळंचाच अभ्यास लई होऊन राहिला." एकाला दुकानावर बसवलं. दोघी बहिणींना घरकाम लागलं. म्हशीवर लिहिणारा पोरगा रस्त्यात भेटला तर नमस्ते म्हणायचा आणि पळायचा. मी या माणसांना दोष देत नाही. पोरांनी ज्या भाषेत अर्ज लिहायचा तीच भाषा घोटायची, हे मीच नव्हतो का म्हणत? गोणपाट तेवढंच राहिलं, त्यावर शेवटी शकू एकटी बसायची. तू तरी वर्ग भरल्यासारखा आवाज चढवून शिकवायचीस. मला ते ऐकवायचं नाही, म्हणून मी त्या वेळेला बाजारात जायचो.

मग तुझी कावीळ. ती पाहता पाहता वाढली आणि आपण झाडपाला, डॉक्टर, सगळं केलं. त्याबद्दल लिहीत नाही. एक दुपार मात्र लिहायची आहे. शकू पायाशी बसून तुला वाचून दाखवत होती आणि तू मधे मधे डोळे मिटून "हं" म्हणत होतीस. ती गेल्यावर तू म्हणालीस, "त्या पोरीले परीक्षेले बसव बरं का." मी हो म्हटलं आणि माझा बांध फुटला. तू हात उचललास. माझ्या तोंडापर्यंत तो पोचला नाही, मनगटावर पडला. "पुरे रे," म्हणालीस. मला तेव्हा सांगायचं होतं, की अक्का, तुझं बरोबर आहे, मांजरावरच संपू द्यायला हवं होतं. शब्द जुळवत होतो. मास्तरांना वाक्य जुळवायला वेळ लागतो. तेवढ्यात तुझा डोळा लागला, आणि मी म्हटलं, उठल्यावर सांगू. नंतर तू तशी शुद्धीवर आलीच नाहीस.

इतकं लिहून ठेवलं होतं, आणि काल शकू आली. वडील बरोबर होते. मुनिमांना नेपानगरच्या गिरणीत कारकुनाची नोकरी लागली आहे, राहायला क्वार्टर आहे, आठवड्याभरात निघायचं आहे. मी त्यांना बसायला दिलं, अभिनंदन केलं. मग परीक्षेचं काढलं. फॉर्म भरायचाय, म्हटलं, मी स्वतः जळगावला घेऊन जाईन, आणीन. मुनीम भला माणूस. टोपी काढून मांडीवर ठेवली त्यांनी.

"मास्तरजी, अक्काईचे उपकार फिटणार नाहीत. पण तिथं मराठी कोन शिकवीन हिला? आन् शिकून करायचं काय, तुम्हीच सांगा."

मी मास्तर आहे, तेहतीस कोटी प्रश्नांची उत्तरं पोरांना देतो. गल्लीतून केळ्यांची गाडी चालली होती, तिच्याकडे बघत बसलो.

मग एक करावंसं वाटलं. हे कागद उचलून मी शकूच्या हातात दिले. वाच, म्हटलं, अक्कावर लिहिलंय. तिनं शाळेतल्यासारखं ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. सासूपाशी ती किंचित हसली. आपल्या आईचं मांजर आलं तिथं बोट थांबलं आणि पुन्हा पुढं सरकलं. जसोंडीचं वाचताना तिचे ओठ हलत होते. अक्का, तू ते सांगितलंस तेव्हा ही पोर तुझ्यासमोर दोन हातांवर बसली होती. मेथीची पानं तिच्या ओच्यात पडली होती. हिला आठवेल, मला वाटलं. वाचून होईल, ही मान वर करील आणि मोठ्या बाईसारखी म्हणेल, पुरे मास्तर. एवढंच. हात ठेवायचीही गरज नव्हती. माझ्या वयाचा माणूस तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडे टक लावून बसला होता, आणि मुनीम आपल्या टोपीची घडी सारखी करत होते.

शकूनं शेवटचा कागद संपवला. नाक पुसलं. कागद उलटा करून मागं काही आहे का ते पाहिलं, आणि म्हणाली,

"मास्तर, शेवटचा परिच्छेद राहिला."

मी कागद परत घेतला नाही. तिला वाटलं मी नेहमीसारखी परीक्षा घेतोय. तिनं कानामागची पेन्सिल काढली, कागद मांडीवर घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : काळ हे सर्व दुःखांवरचे औषध आहे. पूर्णविराम दिला. आणि कागद माझ्यापुढं धरून, गुणांची वाट पाहावी तशी उभी राहिली.

"बराबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिनं वाकून नमस्कार केला. तुझ्या रिकाम्या खाटेलाही केला. वडिलांच्या सायकलवर मागं बसून गेली. मी दारात उभा होतो. गल्ली संपेपर्यंत तिनं हात हलवला.

सांत्वन दुसऱ्याच्याच हातचं आलं, अक्का, अगदी तुझ्या म्हणण्याप्रमाणे. वाक्य मात्र माझं होतं. तू दररोज दुपारी शिकवलंस आणि मी फक्त रविवारी, तरी पोरीला राहिलं ते माझंच. वाद मी जिंकलो. तुला ऐकायचं होतं ना कधीतरी माझ्या तोंडून की तुझं बरोबर होतं? तुझं बरोबर होतं. आता या गावात ते ऐकायला आणि त्यावर "तू जेवून घे" म्हणायला कुणी नाही.

गोणपाट गुंडाळून माळ्यावर टाकलं आहे. ते पुस्तक कपाटात आहे. वाळवी अजून लागतेच आहे, आता शब्दांच्या बाजूनं. शकूचं वाक्य वरच्या कागदावर आहे आणि मी त्याच्या पुढच्या कागदावर हे लिहितोय, म्हणजे तिनं संपवलेलं मी पुन्हा उघडून बसलोय. वाक्य पेन्सिलीचं आहे, खोडायचं म्हटलं तर क्षणाचं काम. पण या घरात लिहिलेलं ते तिचं शेवटचं मराठी अक्षर, तेही शुद्ध. माझ्यानं ते खोडवत नाही.

दुपार कलली आहे. बाजूच्या घरात भांडी घासण्याचा आवाज येतोय, दार उघडं आहे, आणि कुणी येत नाही. तुझे गुण सांगतोय. अजून पुष्कळ उरलेत, तू काही साधी नव्हतीस. ते संपले की मग मीही बैलांवर येईन.